आईच्या बीजांडात ईईडी नाही, बापाकडून चांगली प्रत आली, तरी गर्भ बिघडतो तो का?

मुक्ता_बडोदा

नमस्कार. बडोद्यात एम.एस्सी. झूऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्नल क्लबमध्ये मला पॉलिकोम्बवर, म्हणजे जीन्स गप्प ठेवणाऱ्या प्रथिनांवर, बोलायचंय. पेपर वाचून झालेत, स्लाइड्स निम्म्या झाल्यात, पण एका ठिकाणी गाडी अडली आहे. सरांकडे गेले तर "तूच शोध" असं उत्तर मिळणार हे ठरलेलं, म्हणून आधी इथे विचारते.

जेवढं कळलंय तेवढं सांगते. पीआरसी२ हा पॉलिकोम्ब प्रथिनांचाच एक गट. त्यात ईझेडएच२, ईईडी, सुझ१२ ही मुख्य मंडळी. ते हिस्टोन एच३च्या (डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांपैकी एक) २७व्या लायसिनवर तीन मिथाइल बसवतात (पुढे नुसतं "के२७ खूण" म्हणते). जिथे ही खूण, तिथला जीन गप्प. उंदराच्या गर्भात ईईडीच्या किंवा ईझेडएच२च्या दोन्ही प्रती नसतील तर गर्भाचं गर्भाशयात रोपण होतं, पण पुढे गॅस्ट्रुलेशनच्या, म्हणजे गर्भाचे थर बनायच्या, सुमारास सगळं कोलमडतं आणि गर्भ मरतो. इथवर ठीक.

आता हा प्रयोग बघा. मादीच्या फक्त वाढत्या बीजांडातून ईईडी काढलं (झेडपी३-क्रे वापरून, म्हणजे फक्त वाढत्या बीजांडात चालणारी जीन कापायची कात्री). नर साधा, निरोगी. म्हणजे फलनानंतर गर्भाकडे बापाकडून आलेली एक चांगली प्रत आहे. एरवी एकाच प्रतीवर उंदीर जगतात, पिल्लंही देतात. पण या गर्भांमध्ये नर जास्त मरतात, वार (प्लॅसेंटा) वाजवीपेक्षा मोठी होते, आणि जगलेली पिल्लं पुढे वजनाला जास्त भरतात.

जीनोटाइप तोच असताना फरक कशाचा? बापाची प्रत चालू व्हायला उशीर होतो म्हणून का? पण उंदराचा जीनोम दोन पेशी झाल्या की जागा होतो, म्हणजे उशीर झाला तरी किती होणार? आणि नेमके नरच जास्त का मरतात?

मांडवी_मनोज

एक प्रत पुरत नसेल. हॅप्लोइन्सफिशिअन्सी. विषय संपला.

मुक्ता_बडोदा

@मांडवी_मनोज नाही ना. उलटा क्रॉस केला, म्हणजे आई साधी आणि बाप हेटेरो (एक प्रत चांगली, एक बिघडलेली), तर त्याची हेटेरो पिल्लं मणक्यांतला किरकोळ फेरफार सोडला तर ठीक असतात. प्रत एकच, पण बीजांड चांगलं. तिथेच तर डोकं चालेनासं झालंय.

सुरसागरकाठची_काकू

मुक्ता, बरोब्बर जागी अडली आहेस. पुष्कळ लोक या जागेवरून न अडता पुढे जातात आणि मग सेमिनारला पहिल्याच प्रश्नाला तोंडघशी पडतात.

आधी ओळख, नाहीतर म्हणशील ही कोण काकू. मी एम्ब्रिऑलॉजिस्ट होते. सुरुवातीची वर्षं उंदरांवर आणि नंतर निवृत्तीपर्यंत आयव्हीएफ लॅबमध्ये. आता नातवंडं सांभाळते आणि दुपारी पेपर वाचते. ही सवय काही सुटत नाही.

तू बापाची प्रत कधी चालू होते त्याचं घड्याळ लावून बसली आहेस. घड्याळ दुसऱ्या गोष्टीला लाव: खूण लिहिली कधी गेली? आईच्या क्रोमोसोमवरची ही के२७ खूण बीजांड अंडाशयात वाढत असतानाच लिहून होते, शुक्राणूचा पत्ताही नसतो तेव्हा. झेडपी३-क्रे नेमकं त्याच काळात ईईडी काढून टाकतं. म्हणजे लिहायच्या वेळी लिहिणारा गैरहजर. फलन झालं, बापाची प्रत आली, ईईडी बनायलाही लागलं, पण ती वेळ निघून गेलेली असते.

तू विचारशील, मग उशिरा आलेलं ईईडी आता का लिहीत नाही? त्यासाठी ईईडीचा आकार बघ. त्यात एक खळगा आहे, तो आधीपासून असलेली के२७ खूण ओळखून तिला धरतो. धरली की ईझेडएच२ला जोर चढतो आणि शेजारच्या न्यूक्लिओसोमवर (हिस्टोनभोवती गुंडाळलेल्या डीएनएच्या मण्यावर) तीच खूण बसते. २००९मध्ये हे दाखवलं गेलं. जुनं वाचून नवं लिहायचं, अशी ती यंत्रणा. पेशी दुभंगताना खूण टिकते ती यामुळेच. आपल्याकडे गायकवाडी दफ्तरात नकलनवीस असायचे, मोडी कागदावरून हुबेहूब नक्कल उतरवणारे. कसलाही तरबेज नकलनवीस आणून बसवला, पण मूळ कागदच रुमालात बांधलेला नसेल तर तो काय उतरवणार? बापाकडून आलेलं ईईडी या गर्भात तसं बसून राहतं. (पीआरसी२ नव्याने खूण लिहू शकतं, नाही असं नाही. रोपणानंतर हॉक्स वगैरे शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या जीन्सवर ते लिहितंच. पण आईच्या या खास जागांवर नव्याने लिहिलं जात नाही, आपल्या प्रश्नापुरतं एवढं धर.)

हे डोळ्यांनी बघता येतं. उंदराचं नुकतंच फलन झालेलं बीजांड काचपट्टीवर घे. आत दोन गोल केंद्रकं दिसतात, मोठं बहुधा बापाचं, आणि ध्रुवीय पेशीच्या जवळचं जरा लहान ते आईचं. सुरुवातीच्या तासांत के२७च्या अँटिबॉडीने रंगवलंस तर एकच केंद्रक उजळतं, आईचं. दुसरं शेजारी असून काळंच. शुक्राणूत डीएनए प्रोटामिनवर गुंडाळलेला असतो, बीजांडात शिरल्यावर ते प्रोटामिन निघतं आणि आईच्या साठ्यातले कोरे हिस्टोन बसतात. म्हणून बापाची पाटी त्या क्षणी बहुतेक कोरी. पुढे तिच्यावरही खूण येते, पण त्या सुरुवातीच्या तासांतला तो फरक मी पहिल्यांदा बघितला तेव्हा बाजूच्या टेबलवरच्या मुलीला हाक मारून दाखवला होता. आजही कुणी असं चित्र टाकलं की मी मोठं करून बघते. मुक्ता, स्लाइडवर असा एक फोटो टाक. दहा बाणांच्या आकृतीपेक्षा जास्त बोलेल.

आता वार का वाढते ते. हार्वर्डच्या यी झांग यांच्या लॅबने २०१७मध्ये दाखवलं की उंदरात काही जीन्सची आईकडची प्रत फक्त या के२७ खुणेने गप्प असते, तिथे डीएनए मिथायलेशनचा, म्हणजे थेट डीएनएवर बसणाऱ्या मिथाइलचा, हात नाही. बापाची प्रत बोलते, आईची नाही. म्हणजे इम्प्रिंटिंगच, पण वेगळ्या शाईचं. एसएफएमबीटी२, एसएलसी३८ए४, गॅब१ ही त्यातली नावं. २०१८मध्ये त्याच लॅबने तू सांगतेस तसं बीजांडातून ईईडी काढलं, आणि हे जीन्स दोन्हीकडून बोलायला लागले.

यात मजेची गोष्ट अशी की गर्भाच्या अंगात ही खूण रोपणानंतर पुसट होते, पण वारेकडे जाणाऱ्या पेशींत इम्प्रिंट टिकतं, तिथे पुढे डीएनए मिथायलेशन ते आपल्या हातात घेतं. त्यामुळे घोळ मुख्यतः वारेत. एसएलसी३८ए४ अमिनो आम्लांची ने-आण करतं. एसएफएमबीटी२च्या पोटात मायक्रोआरएनएंचा (इतर जीन्सना आवर घालणाऱ्या छोट्या आरएनएंचा) मोठा झुबका आहे. दोन्ही दुप्पट बोलायला लागले की वार फुगते. क्लोन केलेल्या उंदरांची वारसुद्धा मोठी असते, माहीत आहे ना? कारण तेच. क्लोनसाठी घेतलेलं केंद्रक अंगातल्या साध्या पेशीचं, ते बीजांडाच्या वाढीतून कधी गेलेलंच नाही, मग ही खूण येणार कुठून. तो मायक्रोआरएनएंचा झुबका एका प्रतीतून काढून टाकला की क्लोनची वार बरीच ताळ्यावर येते.

नर का मरतात हे लिहायला घेतलं होतं, पण नातू शाळेतून आला. रात्री लिहिते.

चरोतरचा_व्हेट

काकू येईपर्यंत मी गाई-म्हशींचं बोलून घेतो. मूळचा बडोद्याचा, दांडिया बाजारातला. नोकरीमुळे आणंदकडे.

"गर्भात गडबड आणि वासरू मोठं" हे आम्हीही बघितलंय, म्हणून कान टवकारले. आयव्हीएफच्या गर्भातून कधीकधी असं वासरू येतं की गाय तासन् तास कळा देऊन थकते. शेवटी दोन्ही पुढच्या पायांना दोऱ्या बांधून दोन माणसं ओढतात. बाहेर आलेलं वासरू बघावं तर जीभ जाड, तोंडाबाहेर लोंबणारी, नाळेच्या जागी फुगवटा, उभं राहायची ताकद नाही. मालक विचारतो, "साहेब, बी मोठ्या वळूचं टाकलं होतं का?" त्याला काय सांगणार. वळू तोच होता, ज्याची बाकीची वासरं नेहमीच्या वजनाची निघाली.

याला लार्ज ऑफस्प्रिंग सिंड्रोम म्हणतात. पण मुक्ता, याला तुझं ईईडी चिकटवू नकोस. मेंढ्यांत २००१मध्ये आयजीएफ२आर या जीनकडे बोट दाखवलं गेलं. तो वाढीला लगाम घालणारा जीन. गर्भ बाहेर वाढवताना त्यावरचं डीएनए मिथायलेशन जातं आणि लगाम सुटतो. कल्चरच्या माध्यमात सीरम असलं की हे जास्त होतं असं दिसलं, म्हणून बऱ्याच लॅब सीरमपासून दूर गेल्या. गाईच्या मोठ्या वासरांत केसीएनक्यू१ओटी१ची जागा बिघडलेली मिळते, आणि माणसात बेकविथ-वीडेमान सिंड्रोम होतो तिथेही तीच जागा, लक्षणंही तीच: जाड जीभ, नाळेचा हर्निया. सांगायचं एवढंच की वाढ जास्त झाली म्हणून लगेच पॉलिकोम्बचं नाव घ्यायचं नाही. शाई दुसरीच असू शकते.

गीर गाईंचे गर्भ आता ओपीयू-आयव्हीएफने (अंडाशयातून सुईने बीजांडं काढून) सर्रास होतायत, त्यामुळे आमच्यासाठी ही गप्प बसवणारी प्रथिनं पुस्तकातली राहिलेली नाहीत.

सुरसागरकाठची_काकू

व्हेटसाहेब, नेमकं बोललात. त्या डीएनए मिथायलेशनकडे मी येतेच, मुक्ताला त्याची गरज पडणार आहे.

आधी नर. उंदराच्या मादी गर्भात दोन एक्स, त्यातला एक बंद करावा लागतो. मेरी लायन यांनी १९६१मध्ये हे मांडलं, ते तुला पाठ असेलच. पण उंदराच्या वारेत कोणता एक्स बंद होणार हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. तिथे कायम बापाचाच बंद होतो. १९७५पासून ठाऊक आहे. का, तर आईच्या एक्सवरचा झिस्ट हा जीन बीजांडातच के२७ खुणेने गप्प केलेला असतो. झिस्ट बोलला की त्याचा सतराएक हजार अक्षरांचा आरएनए आपल्याच क्रोमोसोमवर पसरतो आणि तो क्रोमोसोम बंद पडतो.

बीजांडातून ईईडी काढलं की आईच्या एक्सवरचा झिस्टही बोलायला लागतो. मुलीकडे दोन एक्स, मुलाकडे एकच, आणि तोही आईचा. आता सांग, तो बंद पडला तर त्याच्याकडे काय उरलं? बरेच गर्भ पुढे यातून सावरतात, झिस्ट परत गप्प होतो, पण सगळ्यांना ते जमत नाही आणि मरणाऱ्यांत नर जास्त निघतात. पक्का पुरावा हवा असेल तर २०२२चा पेपर काढ: आईच्या बाजूचा झिस्टच आधी काढून टाकला, तर ईईडी नसलेल्या बीजांडातले गर्भ मोठ्या प्रमाणात वाचले. जे वाचले त्यांची वार मात्र मोठीच राहिली. एसएलसी३८ए४ आणि तो मायक्रोआरएनएंचा झुबका ताळ्यावर आणला तेव्हा कुठे वार आटोक्यात यायला लागली. मरण झिस्टमुळे, वार त्या दोघांमुळे. तुझ्या एका प्रश्नाची ही दोन वेगळी उत्तरं आहेत, एका स्लाइडवर कोंबू नकोस.

एक बारीक सूचना. झिस्टच्या स्लाइडवर पॉलिकोम्बला नायक करशील, सगळे करतात. त्या आरएनएला धरून जीन्स खरोखर गप्प करणारं मुख्य प्रथिन स्पेन. २०१५मध्ये वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी ते पकडलं. पॉलिकोम्ब त्या एक्सवर येतं, खुणा मारतं, पण पहिला तोंड दाबणारा तो नाही. तुझ्या प्रयोगात पॉलिकोम्बचं काम त्याच्या आधीचं: बीजांडात झिस्टलाच गप्प ठेवणं.

आता डीएनए मिथायलेशन. नेहमीचं इम्प्रिंटिंग हेच. १९८४मध्ये सुरानी यांच्या आणि मॅकग्राथ-सोल्टर यांच्या प्रयोगांतून कळलं की उंदराचा गर्भ दोन आयांच्या किंवा दोन बापांच्या केंद्रकांवर पूर्ण वाढत नाही, दोघंही लागतात. या खुणाही बीजांडात किंवा शुक्राणूतच लिहिल्या जातात. पण फलनानंतर सगळ्या जीनोमवरून मिथायलेशन धुऊन निघायची एक लाट येते, त्यातून इम्प्रिंटच्या जागा वाचवाव्या लागतात. ते काम झेडएफपी५७ करतं. मिथाइल असलेला ठरावीक सहा अक्षरांचा तुकडा ओळखून तिथे बसतं आणि ट्रिम२८ला बोलावतं, ट्रिम२८ सेटडीबी१ला बोलावतं, आणि जागा बंदच राहते.

२०१२मध्ये मेसरश्मिट आणि मंडळींनी बीजांडातून ट्रिम२८ काढलं. नर साधा. बरोबर तुझाच प्रश्न: बापाची चांगली प्रत आहे, तरी गर्भ जगत नाहीत. पण कारण वेगळं. इथे खूण बीजांडात व्यवस्थित लिहिलेली होती, पहिल्या काही विभाजनांत तिला सांभाळणारं कुणी नव्हतं. त्यामुळे कोणत्या पेशीत कोणती खूण गळाली याला काही नियमच राहिला नाही. एकाच आईचे, एकाच जीनोटाइपचे गर्भ, आणि बिघाड मात्र प्रत्येकाचा निराळा. ईईडीच्या प्रयोगात बिघाड जास्त एकसारखा दिसतो, कारण तिथे मुळात लिहिलंच नव्हतं.

"लिहिणारा नाही" आणि "राखणारा नाही" या दोन ओळी समोरासमोर ठेवल्यास तर सरांना विचारायला फारसं काही उरणार नाही. आणि सगळ्या गप्प करणाऱ्या प्रथिनांना एका बाणाखाली उभं केलं असशील तर ती स्लाइड आत्ताच पुसून टाक.

लहरीपुऱ्याचा_लंबोदर

एक बाळबोध शंका, रागावू नका. म्हणजे आईच्या बीजांडातच सगळं ठरतं. मग आमच्या सोसायटीत गर्भसंस्काराच्या क्लासची जाहिरात लागली आहे, त्यात लिहिलंय "एपिजेनेटिक्सने सिद्ध, सातव्या महिन्यात श्लोक ऐकल्याने बाळाचे जीन्स बदलतात". फी वाचून बायको म्हणाली काकूंना विचारा.

सुरसागरकाठची_काकू

रागावत नाही, उलट बरं केलंत. श्लोक ऐकावेत, आईला बरं वाटतं, मीही ऐकले होते. फी देऊ नये. आपण ज्या खुणांबद्दल बोलतोय त्या बीजांड अंडाशयात वाढत असताना लिहिल्या जातात, आणि राखणदारी होते ती पहिल्या काही दिवसांत, बाईला आपण गरोदर आहोत हे कळायच्याही आधी. सातव्या महिन्यात क्लास लावून या खुणा कुणी हलवू शकत नाही. आणि "सगळं" बीजांडात ठरतं असंही नाही हो, मूठभर जागांबद्दल बोलतोय आपण.

मुक्ता_बडोदा

काकू, तुम्हाला साष्टांग नमस्कार. व्हेटसर तुम्हालाही. कालपासून दोन स्लाइड्स उडवल्या आणि तो दोन केंद्रकांचा फोटो टाकला.

अजून दोन गोष्टी विचारू का? एक, माणसातही हे असंच आहे का? कुणीतरी विचारणारच. दोन, मी मागे जाऊन ईझेडएच२चा २००३चा पेपर काढला. त्यात बीजांडातून ईझेडएच२ काढलंय आणि पिल्लं जन्मतः लहान आहेत! ईईडीवाल्या २०१८च्या पेपरात पिल्लं मोठी. गट तोच, पीआरसी२. एकात लहान, एकात मोठी, म्हणजे कुणीतरी चुकलं का?

सुरसागरकाठची_काकू

माणसाचं आधी. सरळ उचलून टाकू नकोस. २०१९मध्ये माणसाच्या गर्भांवर काम झालं, त्यात आईकडची के२७ खूण आठ पेशींच्या सुमारास, म्हणजे गर्भाचा स्वतःचा जीनोम जागा होतो तोवर, जवळपास सगळीकडून पुसली गेलेली दिसली. उंदरात ती ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे रोपणाआधीच्या पोकळ गोळ्यापर्यंत, दिसते. आणि माणसाच्या वारेत एक्स बंद होतो तो बापाचाच असं नाही, कुठलाही होतो. तेव्हा झिस्टची वरची सगळी गोष्ट उंदराची म्हणून सांग. आठ पेशींचा माणसाचा गर्भ मी आयुष्यभर बघितला, तिसऱ्या दिवशी सकाळी, गोल गोल पेशी एकमेकींना खेटून, आणि तो उंदरासारखाच असणार हे मनात धरून लोक औषधांच्या गप्पा मारायचे. म्हणून जरा जोर देऊन सांगते.

पण "बिघाड आईच्या बीजांडात, गर्भाचे जीन्स ठीक" ही कल्पना माणसात खरी ठरलेली आहे. काही बायकांना पुन्हा पुन्हा द्राक्षगर्भ राहतो. एरवीच्या पूर्ण द्राक्षगर्भात सगळे क्रोमोसोम बापाचे असतात. यांच्यात आईचे आणि बापाचे दोन्ही असतात, तरीही वारेचे द्राक्षासारखे फुगे आणि गर्भ नाही. २००६मध्ये सापडलं की अशा बायकांत एनएलआरपी७ या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. तो काही पॉलिकोम्बसारखा थेट गप्प करणारा नाही, पण तो नसला की बीजांडात आईचे इम्प्रिंट नीट बसत नाहीत. अशा बाईला दुसरीचं बीजांड दिलं तर तिच्याच गर्भाशयात नीट मूल वाढलेलं आहे. गर्भाशय तेच, नवरा तोच. यापेक्षा स्वच्छ पुरावा माणसात कुठून मिळणार?

कुणी वीव्हर सिंड्रोम काढेल. ईझेडएच२मध्ये बदल, मूल उंच, डोकं मोठं. ईईडीतल्या बदलाने कोहेन-गिब्सन होतो, तोही वाढ जास्त होण्याचाच. "बघा, उंदरातही वाढ, माणसातही वाढ" असं म्हणायचा मोह होईल. पण त्या मुलांच्या स्वतःच्या पेशींत बिघडलेली प्रत असते, जन्मभर. तुझ्या उंदरांच्या पिल्लांत ती अडचण नाही, त्यांना बापाची धड प्रत आहे. दोन्हींचा संबंध असेलही, पण तुझ्या दहा मिनिटांत तो जोडू नकोस, ओळखपाळख एवढी करून दे आणि पुढे जा.

आता लहान-मोठं. कुणी चुकलं नाही. पिल्लाचं वजन कोणत्या दिवशी घेतलं ते आधी बघ. तुझ्या त्या मोठ्या पिल्लांच्या पेपरवाल्या गटाने ईईडीवर नंतर जास्त बारकाईने बघितलं, तेव्हा हे गर्भ सुरुवातीला मागे पडलेलेच दिसले. मग वार वाढली, गर्भाने उशिरा भरपाई केली, काही ठिकाणी दिवसही जास्त गेले आणि पिल्लं पुढे जड झाली. मध्येच वजन केलंस तर लहान, नंतर केलंस तर मोठी. ईझेडएच२च्या प्रयोगात आणखी एक भानगड आहे: ईझेडएच२ नसलं तरी ईझेडएच१ थोडंफार काम उरकतं, ईईडीला असा जोडीदार नाही. त्यामुळे दोन्ही प्रयोगांत खूण किती गेली हे सारखं नसणार. तुझ्या तक्त्यात एक रकाना वाढव, "वजन केव्हा घेतलं", आणि दुसरा, "जन्म कितव्या दिवशी". आणि कंट्रोल म्हणून उलट्या क्रॉसची हेटेरो पिल्लं शेजारी दाखव, नुसती साधी पिल्लं नकोत, नाहीतर मांडवीच्या मनोजसारखा कुणीतरी उठेल आणि म्हणेल एक प्रत पुरत नाही.

मांडवी_मनोज

ऐकतोय बरं का काकू.

चरोतरचा_व्हेट

"जन्म कितव्या दिवशी" हा रकाना आमच्याकडेही घालायला हवा. क्लोन आणि आयव्हीएफच्या गर्भांत दिवस वर जातात आणि गोठ्यात लिहून ठेवतात फक्त वजन. मुक्ता, सेमिनार झाला की तो तक्ता इथे टाक.